खोटा कॅप्चा आणि उलट्या क्रमाने झालेली आवराआवर: इंदूरच्या एका घराचे प्रकरण

हे प्रकरण नोव्हेंबर 2025 मधले आहे. घरच्यांना विचारून लिहितो आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्कचे काम बघतो. या घरातला मुलगा माझा मित्र, म्हणून त्याचे वडील माझे अण्णा आणि त्याची बायको माझी वहिनी. खालीही तसेच लिहिले आहे.

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिमेकडच्या जुन्या मराठी वसाहतीतले तीन पिढ्यांचे घर. मित्राची नोकरी फिरतीची, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. हॉलमध्ये खिडकीपाशी एक डेस्कटॉप, 2015 साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. तेव्हा रीतसर विंडोजसह घेतलेला, पुढे विंडोज 10 वर आणलेला. दोन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली. तेव्हापासून मशीन चांगले पळत होते, त्यामुळे ते बदलायचा विषय घरात कधी निघाला नाही.

वापरणारे तिघे. अण्णा निवृत्त, पेन्शन घेणारे. नेटबँकिंग, इन्कम टॅक्सचे रिटर्न, शिवाय समाजाच्या मंडळाची वधू-वर सूची. ती सूची वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच आहे, एका एक्सेल फाइलमध्ये, कृतिदेव या जुन्या टायपिंगच्या फॉन्टात. मध्य प्रदेशात ज्यांनी सरकारी कचेरीत टायपिंग केले ते युनिकोडवर, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीवर, सहजासहजी येत नाहीत, अण्णाही आले नाहीत. वहिनी घरून फराळ आणि मसाल्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे इन्स्टाग्राम पान चांगले चालते आणि दिवाळीचा बहुतेक धंदा त्याच पानावरून होतो. नातू अकरावीत, अभ्यास आणि गेम.

तिघांचे विंडोजमधले खाते मात्र एकच, ‘होम’ नावाचे, पासवर्ड नसलेले आणि अ‍ॅडमिनचे (मशीनमध्ये काहीही बसवण्या-बदलण्याचे) अधिकार असलेले. ब्राउझरही एकच. तो वहिनींच्या जीमेलने साइन इन केलेला आणि तिघांचे सगळे पासवर्ड त्यात साठवलेले. व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडे. डेस्कटॉपवर ‘सर्व पासवर्ड’ नावाची एक वर्ड फाइल, डॉक्युमेंट्समध्ये आधार आणि पॅनचे स्कॅन.

अँटीव्हायरस म्हणून विंडोजबरोबर येणारा डिफेंडर. तो चालू असल्याचे हिरवे चिन्ह खाली दिसत असे आणि त्यावर सगळे निश्चिंत होते.

काय घडले

रविवारी संध्याकाळी अण्णा एका जुन्या स्तोत्रसंग्रहाची पीडीएफ शोधत होते. एका साइटवर डाउनलोडच्या आधी ‘मी रोबो नाही’ असा चौकोन, म्हणजे कॅप्चा, आला. तो दाबल्यावर पडताळणीच्या तीन पायऱ्या आल्या: विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. अण्णांनी त्या केल्या. काळी खिडकी क्षणभर चमकून गेली. पीडीएफ आली नाही. अशा साइट्सवर पुष्कळदा काहीच मिळत नाही, म्हणून त्यांनी तो नाद सोडला आणि ते जेवायला उठले.

सोमवारी रात्री वहिनींच्या पानावरून गिऱ्हाइकांना निरोप जाऊ लागले: दहा हजार गुंतवा, चार तासांत पन्नास हजार. ओळखीच्या दोघी-तिघींनी फोन करून विचारले. वहिनींनी लगेच हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. तासाभरात पान पुन्हा हातचे गेले. या वेळी त्यावरचा ईमेलच बदललेला होता.

त्याच रात्री अडीचच्या सुमारास अण्णांच्या मोबाइलवर बँकेचे लागोपाठ ओटीपी आले. अण्णा झोपले होते. सकाळी पाहिले आणि बँकेच्या सर्व्हरचा काही घोळ असेल असे धरून चालले.

पहिली धावपळ

इथून बुधवारपर्यंत जे झाले ते जवळजवळ सगळे उलट्या क्रमाने झाले. प्रकरण लिहायचे कारणही तेच.

घरात पहिला प्रश्न ‘हे कोणी केले’ हा आला आणि त्याचे उत्तर सगळ्यांच्या मते तयार होते. नातू गेम खेळतो, कुठून कुठून मॉड उतरवतो, म्हणजे त्यानेच. त्याचे गेम काढले, त्याला कॉम्प्युटर वापरायची बंदी केली, दोन दिवस अबोला. तो सांगत होता की या आठवड्यात आपण काहीच उतरवलेले नाही. कोणी ऐकले नाही.

मंगळवारी ओळखीच्या मेकॅनिकला फोन गेला. तो आला नाही, रिमोटचे अ‍ॅप टाकायला लावून दुरूनच आत शिरला. दुसरा एक फुकट अँटीव्हायरस टाकला, क्लीनर चालवून टेंपररी फाइल्स आणि ब्राउझरची हिस्ट्री साफ केली. “भिया, सब क्लीन कर दिया, अब पासवर्ड बदल लो,” असे सांगून पाचशे रुपये घेतले. वहिनींनी त्याच मशीनवरून जीमेलचा पासवर्ड बदलला. अण्णांनी बँकेचा बदलला आणि नवा पासवर्ड त्याच ‘सर्व पासवर्ड’ फाइलमध्ये लिहिला.

बुधवारी सकाळी देवासच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. वहिनींच्या पानावरून आलेल्या क्यूआर कोडवर तिने आदल्या संध्याकाळी सहा हजार पाठवले होते. मित्राने मला फोन केला तो त्यानंतर.

नेमके झाले काय होते

आधी केबल काढली, वाय-फाय बंद केले आणि मगच मशीनला हात लावला. ब्राउझरची हिस्ट्री पुसली गेल्यामुळे साइट कोणती ते कधीच कळले नाही. पण विंडोजचे बटण आणि आर दाबल्यावर जो रनचा डबा उघडतो, त्यात टाइप केलेल्या गोष्टी विंडोज रजिस्ट्री या आपल्या अंतर्गत नोंदवहीत वेगळ्या ठेवते आणि तो भाग क्लीनरच्या हातून सुटला होता. तिथे एक लांबलचक ओळ होती. सुरुवातीला पॉवरशेलला (विंडोजला लेखी हुकूम द्यायच्या साधनाला) दिलेला हुकूम: अमुक पत्त्यावरून फाइल आण आणि चालव. मग बरीच मोकळी जागा. आणि शेवटी इंग्रजीत ‘मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’. रनचा डबा अरुंद असतो, पेस्ट केल्यावर त्यात फक्त शेपूट दिसते. अण्णांना तेवढेच दिसले होते.

या प्रकाराला क्लिकफिक्स म्हणतात आणि 2024 पासून तो जोरात आहे. पानावरचा चौकोन दाबताच हुकूम गुपचूप क्लिपबोर्डवर कॉपी होतो आणि पुढचे काम माणूस स्वतःच्या हाताने करतो. ब्राउझरने काही डाउनलोड केलेले नसते, त्यामुळे त्याच्या ‘ही फाइल धोकादायक असू शकते’ या सूचनेचा प्रश्नच येत नाही. विंडोजच्या लेखी घरमालकाने दिलेला हुकूम आहे.

तरीही डिफेंडरने बऱ्याच वेळा तो अडवला असता. इथे का अडवला नाही, ते त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’च्या, म्हणजे तपासायच्या नाहीत अशा जागांच्या, यादीत सापडले. यादीत एकच नोंद, सी ड्राइव्ह. अख्खा. दोन वर्षांपूर्वी एसएसडी बसवताना कोणीतरी चोरीचे ऑफिस टाकले होते. त्याचा अ‍ॅक्टिव्हेटर (ते फुकट चालू करून देणारा प्रोग्राम) डिफेंडर दरवेळी उडवतो, म्हणून डिफेंडरला ‘सी ड्राइव्हकडे बघू नकोस’ असे सांगून ठेवले होते. हिरवे चिन्ह खरेच होते. डिफेंडर चालू होता, फक्त त्याला बघायला काही ठेवले नव्हते.

टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजच्या आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) अक्षरांची गिचमिड असलेले एक काम होते. लॉगिन झाले की तेच पॉवरशेल पुन्हा चालवणारे. त्याची वेळ रविवार संध्याकाळची होती आणि त्या वेळी नातू मित्रांबरोबर ‘छप्पन दुकान’ या इंदूरच्या खाऊगल्लीत होता. ब्राउझरमध्ये कोणी न टाकलेले एक एक्स्टेंशनही (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) होते. म्हणजे त्या मशीनवर बदललेला प्रत्येक पासवर्ड ताजा ताजा पुढे जात होता.

अशा सॉफ्टवेअरला इन्फोस्टीलर म्हणतात. ते बनवणारे वेगळे, भाड्याने घेऊन पसरवणारे वेगळे आणि मिळालेला माल विकत घेणारे तिसरेच. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने काही देशांच्या पोलिसांबरोबर लुमा नावाच्या स्टीलरचे जाळे तोडले. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरात 3,94,000 हून अधिक विंडोज मशीनांवर तो सापडला होता. अण्णांच्या मशीनवर नेमके कोणते वाण होते ते मी शोधत बसलो नाही. घरच्या प्रकरणात त्याने करायच्या गोष्टी बदलत नाहीत.

बदलते ते एका गोष्टीने. स्टीलर फक्त पासवर्ड नेत नाही, ब्राउझरच्या कुकीही नेतो. आपण जीमेलमध्ये एकदा शिरलो की रोज पासवर्ड द्यावा लागत नाही, कारण ब्राउझरकडे सेशन कुकी असते. ती दारावर एकदा ओळख पटल्यावर मिळालेल्या पाससारखी. तो पास दुसऱ्याच्या हाती पडला की त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. म्हणून नुसते मशीन साफ करून चालत नाही. पास रद्द करावे लागतात, तेही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

निर्णय पहिला: आधी काय

मशीन फॉरमॅट करू या आणि मग बाकीचे निवांत बघू, असे मित्राचे फोनवरून म्हणणे होते. माझे मत उलट होते. मशीन केबल काढून पडले आहे, ते आणखी नुकसान करणार नाही. नुकसान बाहेर चालू आहे. त्यामुळे डेस्कटॉप तसाच ठेवून वहिनींचा मोबाइल आणि माझा लॅपटॉप घेऊन बसलो.

पहिले जीमेल. बँक आधी घ्यावी असे अण्णांना वाटत होते आणि ते चूक नव्हते. म्हणून ते आतल्या खोलीत कार्डामागच्या नंबरवर बँकेशी बोलायला गेले आणि त्यांनी नेटबँकिंग बंद करवले. पण बाकी प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलो’चा निरोप ज्या ईमेलवर येतो, तो ईमेल परक्याच्या ताब्यात असताना पुढचे काही टिकणार नव्हते. पासवर्ड बदलला, सगळी उपकरणे साइन आउट केली. रिकव्हरीचा नंबर आणि पर्यायी ईमेल तपासला. पर्यायी ईमेल अनोळखी होता, तो काढला. दोन टप्प्यांची पडताळणी लावली.

मग लॅपटॉपवर जीमेलचे फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचे काय करायचे त्याचे नियम, उघडले. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ते दिसत नाहीत, म्हणून बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. एक फिल्टर होता: इन्स्टाग्रामकडून आलेले सर्व काही सरळ ट्रॅशमध्ये. ‘तुमचा ईमेल बदलला आहे, तुम्ही बदलला नसेल तर इथे दाबा’ ही सूचना सोमवारी रात्रीच येऊन ट्रॅशमध्ये पडली होती. जीमेल ट्रॅश तीस दिवस ठेवते, म्हणून ती हाती लागली आणि तिच्यातल्या दुव्यावरून ईमेल परत फिरवता आला. ती नसती तर चेहऱ्याच्या व्हिडिओने ओळख पटवायचा मार्ग उरला असता, पण तो खात्यावर आपले फोटो असतील तरच कामाचा. वहिनींच्या पानावर चकल्या आणि अनारसे, माणूस एकही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून घरचा कॉम्प्युटर काढला. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पासवर्ड बदलून ई-फायलिंग व्हॉल्ट हे लॉगिनचे जादा कुलूप लावले. देवासच्या बाईंना त्यांच्याच फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायला सांगितले, कारण पैसे ज्याचे गेले त्याने तक्रार करायची असते आणि रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवले तरच ती गोठण्याची आशा असते. वहिनींनी स्टेटसवर आणि ब्रॉडकास्टवर चार ओळी टाकल्या: पान चोरीला गेले आहे, त्यावरून कोणीही पैसे मागितले तर देऊ नका. ही चार ओळींची सूचना खरे तर सोमवारी रात्रीच जायला हवी होती. त्यांना तेव्हा लाज वाटली. ती गेली असती तर सहा हजार वाचले असते.

निर्णय दुसरा: आधारचे लॉक

आधारचा स्कॅन मशीनवर होता, म्हणून बायोमेट्रिक लॉक करायचे ठरले. पण नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या जीवन प्रमाणपत्राचा (हयातीच्या दाखल्याचा) महिना. लॉक केले की बोट, डोळा, चेहरा काहीच चालत नाही आणि अण्णांचे प्रमाणपत्र राहिलेले. लॉक तात्पुरते उघडता येते हे खरे, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका आठवड्यात आणखी एक नवे सोंग शिकवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून चेहऱ्याने प्रमाणपत्र केले आणि मग लॉक लावले.

निर्णय तिसरा: मशीनचे काय

चार वाटा होत्या. पहिली, अँटीव्हायरस चालवून मशीन तसेच वापरणे. डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन यासाठी चांगले आहे, विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही फुकट साधने मिळतात. पण दोन वर्षे सी ड्राइव्हकडे कोणी बघितले नव्हते. रविवारचा पाहुणा पहिलाच होता याची खात्री कोण देणार? ही वाट मी सोडायला लावली.

दुसरी वाट नवे मशीन. विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला, दिवाळीच्या तोंडावर संपली होती आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप व इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे मशीन बाद. घरात लगेच ‘बघा, विंडोज जुने झाले म्हणूनच हे झाले’ असा सूर निघाला. तसे नव्हते. हा हल्ला कुठल्याही न बुजवलेल्या भोकातून आला नव्हता. कालच घेतलेल्या विंडोज 11 वरही तीन बटणे तशीच दाबली गेली असती. तरी मुदत संपलेले विंडोज पुढे चालवणे शहाणपणाचे नाही, तो वेगळा प्रश्न आहे. पण फराळाचे पैसे अजून यायचे होते आणि नव्या मशीनचा खर्च त्या महिन्यात बसत नव्हता.

तिसरी वाट लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मला ती मनापासून आवडते आणि ज्यांना फक्त ब्राउझर लागतो त्यांना मी तीच सुचवतो. पण सूची कृतिदेवमध्ये, नातवाच्या काही गोष्टी विंडोजवरच्या आणि मी रोज येऊन बसणार नव्हतो.

म्हणून चौथी: डिस्क पूर्ण पुसून विंडोज 10 नव्याने, आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव सुरक्षा अपडेट. ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. तेवढ्या अवधीत नव्या मशीनसाठी बाजूला टाकता येईल असे मित्र म्हणाला.

प्रत्यक्ष काम

जेल रोडवरून एक एक्स्टर्नल डिस्क आणली. मशीन पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करून त्यातून फोटो, पत्रे, एक्सेल एवढेच उचलले. इन्स्टॉलर, शॉर्टकट, चोरीचे ऑफिस, ब्राउझरचे प्रोफाइल यांतले काही घेतले नाही. नातवाच्या गेमची फाइल घ्यायची की नाही यावर थोडी हुज्जत झाली. तो म्हणाला, “नको, नव्याने खेळतो.” विंडोजची पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने बनवली, डिस्कचे जुने सगळे भाग (पार्टिशने) काढून टाकले आणि मग विंडोज बसवले. लायसन्स मूळचे असल्यामुळे ते आपोआप लागू झाले. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस. कृतिदेव त्यात नीट दिसतो, अण्णांनी स्वतः चार पाने उघडून खात्री केली.

सगळ्यात महत्त्वाचा बदल खात्यांचा. आता चार खाती आहेत. एक अ‍ॅडमिनचे, फक्त काही बसवायचे असेल तेव्हाचे, त्याचा पासवर्ड वहिनींकडे. बाकी तिघांची साधी, ज्याची त्याला, प्रत्येकाला आपापला पिन. इथे एक गैरसमज काढायला हवा. नुसते अ‍ॅडमिनचे अधिकार काढल्याने ही चोरी थांबली नसती, कारण स्वतःच्या ब्राउझरातले पासवर्ड वाचायला अ‍ॅडमिन असावे लागत नाही. पण साध्या खात्यातून चाललेल्या प्रोग्रामला दुसऱ्याचे फोल्डर उघडता येत नाही. रविवारी अण्णा स्वतःच्या वेगळ्या खात्यात असते तर अण्णांच्या गोष्टी गेल्या असत्या. वहिनींचे पान आणि गिऱ्हाइके वाचली असती. घरात एकच मशीन असेल तर मी अँटीव्हायरस कोणता याआधी खाती किती हे विचारतो.

अण्णांच्या खात्यातला रनचा डबा बंद केला. त्यावर फार विसंबायचे नाही, कारण आता तोच हुकूम फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करायला सांगणारी पानेही निघाली आहेत. म्हणून त्यांच्याशी एक गोष्ट ठरवून घेतली: वेबसाइट विंडोजमध्ये काहीही पेस्ट करायला सांगू लागली की तिथेच उठायचे, सांगणारा कितीही सरकारी दिसो.

पासवर्डसाठी वहिनी आणि नातू पासवर्ड मॅनेजर वापरतात. अण्णांना तो झेपेना, त्यांनी वही केली आणि गोदरेजच्या कपाटात ठेवली. मला त्यात काही वावगे वाटत नाही. चोरी इंटरनेटवरून होते आहे, कपाटातून नाही. वाईट होती ती डेस्कटॉपवरची फाइल.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला होता तसाच होता. तोही बदलला.

सूचीचा प्रश्न

हे सगळे तांत्रिक काम सोपे होते. अवघड होते ते पुढचे.

वधू-वर सूचीत मुलामुलींच्या जन्मतारखा, शिक्षण, पगार, पालकांचे फोन. स्टीलर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल्सही उचलतात, पण ही फाइल गेली की नाही याचा पुरावा मशीनवर उरला नव्हता. अण्णांना झोप लागेना. “लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे रे. मी काय तोंड दाखवू?” मंडळातल्या एका जुन्या कार्यकर्त्याचे म्हणणे पडले की गेल्याचे नक्की नाही, तर कशाला बोभाटा? लग्नसराई तोंडावर आहे, लोक नावे काढून घेतील. शिवाय निम्मी माहिती मंडळाच्या छापील पुस्तिकेत आहेच.

या युक्तिवादात तथ्य होते. पुस्तिका इंदूर, देवास, उज्जैन, धारपर्यंत जाते. पण पुस्तिकेत पगार आणि आईवडिलांचे दोन-दोन नंबर नसतात, फाइलमध्ये होते. वहिनी म्हणाल्या, माझ्या गिऱ्हाइकांना मी उशिरा सांगितले आणि एकीचे पैसे गेले, आता पुन्हा तेच करायचे का? त्यावर अण्णांनी ठरवले. त्यांनी स्वतःच्या नावाने पालकांना निरोप लिहिला: माझ्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला, सूचीची फाइल त्यावर होती. मंडळाचे नाव सांगून कोणी नोंदणी फी, कुंडली किंवा स्थळाच्या नावाखाली पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नये, मला फोन करावा. घाबरवणारे शब्द नाहीत, पण ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ असली सारवासारवही नाही.

दोन कुटुंबांनी नावे काढली. बऱ्याच जणांनी फोन करून विचारपूस केली. पुढच्या काही आठवड्यांत स्थळाच्या नावाने पैसे मागणारे एक-दोन फोन आल्याचे पालकांनी कळवले; ते या फाइलमुळे की पुस्तिकेमुळे हे सांगता येणार नाही. पैसे कोणी दिले नाहीत.

निष्पत्ती

इन्स्टाग्रामचे पान वहिनींकडे परत आले. काही गिऱ्हाइके गेली, नवरात्रापासून जमवलेल्या ओळखींपैकी काहींनी पान ब्लॉक केले ते केलेच. देवासच्या बाईंच्या सहा हजारांपैकी काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवल्याचे त्यांना कळले. ती हातात पडायला वेळ लागणार होता. उरलेले पैसे वहिनींनी मालाच्या रूपाने फेडले. कायद्याने तशी काही सक्ती नव्हती.

अण्णांच्या बँकेतून एक रुपयाही गेला नाही. पासवर्ड चोराकडे होता, ओटीपी मात्र मोबाइलवर येत होता आणि अण्णांनी तो कोणाला सांगितला नव्हता. तरी बँकेत लेखी कळवून ठेवले. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार येत नसे; ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तर कळवेपर्यंतचे त्याच्याच माथी. डेस्कटॉपवरच्या पासवर्डच्या फाइलला बँक काय म्हणाली असती ते सांगायला नको.

नातवाला कॉम्प्युटर परत मिळाला. अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर “तू नव्हतास” एवढे म्हटले. घरात त्याची किंमत मोठी होती.

वेगळे काय करता आले असते

अडीचचे ओटीपी हा या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ इशारा होता. आपण न मागितलेला ओटीपी आला म्हणजे पासवर्ड कोणाकडे तरी पोहोचला असण्याची दाट शक्यता, मग सर्व्हरच्या घोळाची वाट बघायची नाही. मंगळवारी सकाळी तेवढे ओळखले असते तर बँक आणि जीमेल एक दिवस आधी सुरक्षित झाले असते.

नातवावर आळ घेण्याने वेळ तर गेलाच, पण आणखी एक नुकसान झाले. ‘कोणी केले’ विचारल्यावर ज्याने केले तो गप्प बसतो. अण्णांना रविवारची काळी खिडकी आठवत होती. ती आपल्याशी संबंधित असेल असे त्यांच्या मनातही आले नाही, कारण गुन्हेगार आधीच ठरला होता. ‘गेल्या चार दिवसांत कोणाला पडद्यावर काही विचित्र दिसले’ असे विचारले असते तर उत्तर सोमवारीच मिळाले असते.

मेकॅनिकने क्लीनर चालवला नसता तर साइट सापडली असती आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरच्या तक्रारीत तिचा पत्ता देता आला असता. आजारी मशीन आधी नेटवरून तोडायचे, साफसफाई सगळ्यात शेवटी. आणि आधीच कोणीतरी आत असलेल्या मशीनवर रिमोटने आणखी एकाला आत घेणे तर मुळीच नको.

माझ्या मते एक निर्णय अजूनही वादाचा आहे. सूचीची फाइल अण्णांच्या घरच्या मशीनवर असावीच का? मी सुचवले की मंडळाने ती स्वतःच्या खात्यावर, दोघा-तिघांच्या जबाबदारीने ठेवावी. मंडळाचे म्हणणे, अण्णांइतके नीट कोणी करत नाही. ती सध्या पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये त्याच एक्स्टर्नल डिस्कवर आहे आणि डिस्क लागेल तेव्हाच जोडतात. नवे मशीन ऑक्टोबर 2026 च्या आत घ्यायचे ठरले आहे, तेव्हा सूची युनिकोडमध्ये करून मंडळाकडे सोपवायची, असे अण्णा आता म्हणतात. टायपिंगला नातू बसणार आहे.